टॅली कुणाच्या हातात?

(मंचरला माहितीपटाच्या खेळानंतर तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीट करून छापायला दिलं आहे.)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या आयांनो,

ती चादर अजून भिंतीवर तशीच आहे. आत्तापर्यंत तिच्यावर आपलीच माणसं हलत होती, बोलत होती. आता दिवा लावलाय आणि मला म्हणतात, तू बोल. मी काय बोलणार? मी मॅट्रिक. चार कविता छापून आल्या म्हणून पोरं कवी म्हणतात. पोटासाठी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत राबतो. इतिहासाची पदवी माझ्याकडं नाही. तरी आज बघितलेल्या सिनेमावर बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो. का ते सांगतो.

गोदीत टॅली नावाची एक चीज असते. जहाजातून माल उतरायला लागला की टॅली क्लार्क वही घेऊन धक्क्यावर उभा राहतो. स्लिंग खाली बसली की आतले नग मोजून रेघा मारतो. चार उभ्या, पाचवी आडवी. पाळी संपली की बेरीज. वहीत आलं ते उतरलं. वहीत नाही ते जहाजात नव्हतंच. तुमच्या डोळ्यांसमोर पोतं पडलेलं असू द्या, टॅलीत नसेल तर ते पोतं नाही. आणि त्या वहीत पोती येतात, पेट्या येतात, लोखंडाची बंडलं येतात. ती वाहणारा माणूस येत नाही.

दोन वर्षांमागं आमच्या टोळीतला एक जण गेला. तुमच्याच बाजूचा. घोडेगावच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला आदिवासी. बंडल सरकलं आणि तो खाली आला. मी चार हातांवर होतो. त्या पाळीच्या टॅलीत नोंद झाली: दोन नग डॅमेज. माणसाची नोंद नाही. ठेकेदाराच्या हजेरीवहीत बघितलं तर त्या दिवसाचं पानच नव्हतं. मुकादम म्हणाला, गप बसा, तो आज कामावर आलाच नव्हता. सकाळी माझ्या डब्यातली भाकरी खाल्लेला माणूस, आणि तो आलाच नव्हता!

आम्ही चौघांनी त्या रात्री खोलीवर बसून चार पानं लिहिली. कुणी काय बघितलं, किती वाजता, कुठं उभं राहून. खाली सह्या केल्या. एकाला सही येत नव्हती, त्यानं अंगठा दिला. चौघांपैकी दोघांचं काम सुटलं. केस अजून चालू आहे. त्याचं नाव मी इथं घेत नाही, कारण त्याच्या बायकोनं सांगितलंय, निकाल लागेस्तोवर नाव घेऊ नका. तिचा शब्द मोठा.

त्या रात्री मला कळलं इतिहास म्हणजे काय. इतिहास म्हणजे मेलेल्या राजांच्या गोष्टी असं शाळेत शिकवलं होतं. तसं नाय. इतिहास म्हणजे टॅली. वही कुणाच्या हातात, पेन कुणाच्या हातात, आणि पान कोण फाडतो, एवढाच सवाल.

आमच्या गोदीचंच बघा. १४ एप्रिल १९४४. तारीख ऐकली? त्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज फुटलं. एकाच जहाजाच्या पोटात कापूस आणि सुमारे १४०० टन दारूगोळा. वर ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा. आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले जळून मेले. त्यांच्या आठवणीत देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, पाळलाच पाहिजे. सोन्याच्या विटा पुढं कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत होत्या, त्यांचीही नोंद आहे. पण माणसं एकूण किती मेली? कुणी लिहितं ८००, कुणी लिहितं १३००. मधली ५०० माणसं कुठं गेली? विटेला नंबर आहे आणि हमालाला नाही? ही पाचशे माणसं स्फोटात एकदा मेली आणि कागदावर दुसऱ्यांदा.

आता आजच्या सिनेमाकडं येतो.

हा सिनेमा करणारा सोमनाथ वाघमारे सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला. आपल्यातला. 'द बॅटल ऑफ भीमा कोरेगाव: अ‍ॅन अनएंडिंग जर्नी' हा त्याचा माहितीपट २०१७ सालचा. नावातच सांगतोय, लढाई आणि न संपणारा प्रवास. लढाई १ जानेवारी १८१८ ची. प्रवास त्या दिवसापासून आजपर्यंतचा. मला विचाराल तर ह्या सिनेमात खरं महत्त्व प्रवासाला आहे. दर १ जानेवारीला त्या स्तंभापाशी येणारी जी हजारो माणसं, त्यांच्यावर त्यानं कॅमेरा धरलाय. तोफा, घोडे, तलवारी उभ्या करायला पैसा लागतो. माणूस बोलतोय तिथं कॅमेरा धरायला नियत लागते.

मंचरकरांनो, ही गोष्ट तुम्हाला लांबची वाटायचं कारण नाही. भीमा उगवते भीमाशंकरच्या डोंगरात. आणि तुमची घोडनदी डिंभ्याच्या धरणातून सुटून कळंबच्या पुलाखालून पुढं शिरूरला जाते, शिरूरला तर लोक घोडनदीच म्हणतात. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण निघाली ती ह्याच शिरूरहून. रातभर चालून सकाळी पोचली भीमेच्या काठी, कोरेगावला. सुमारे ५०० पायदळ, ३०० च्या आसपास घोडेस्वार, दोन तोफा आणि २४ गोलंदाज. समोर दुसऱ्या बाजीरावाचं सैन्य, इंग्रजी कागदांत आकडा २८ हजाराचा. दिवसभर लढाई. पोटात अन्न नाही, पाणी नाही. नदी समोर वाहतेय आणि प्यायला पाणी नाही! हे आपल्या माणसांना नवीन नव्हतं म्हणा. रात्र पडली आणि पेशव्याचं सैन्य मागं हटलं.

पुढं कंपनी सरकारनं तिथं स्तंभ उभारला. त्याच्यावर कंपनीच्या मेलेल्या शिपायांची ४९ नावं आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. माझा आजा सांगायचा, आपल्या जुन्या माणसांच्या नावामागं नाक असायचं. शाळेत पोरं मला त्या गोष्टीवरून चिडवायची, नाक धरून दाखवायची. मी घरी येऊन आजावर ओरडलो होतो, असली कसली नावं आपली म्हणून. आजा काही बोलला नाही. पुढं मोठा झाल्यावर मी कोरेगावला गेलो, आणि ती नावं दगडात कोरलेली बघितली. आजा तोवर मेला होता. माफी कुणाची मागायची?

आता तुम्ही म्हणाल, नावं तर कंपनीनंच कोरली. मग इतिहास विसरला कोण? अरे बाबांनो, कंपनीनं नाव कोरलं ते स्वतःच्या फतेचं. काम झाल्यावर ह्याच कंपनीच्या वारसांनी १८९२-९३ च्या सुमारास महारांची फौजेतली भरती बंद करून टाकली. का, तर म्हणे ही लढवय्या जात नाही! दगडावर बावीस नावं आणि कागदावर लढवय्या नाही. टॅलीतून रेघ खोडायची ही सरकारी पद्धत.

मग दगड पुन्हा वाचला कुणी? पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढणारा माणूस. १९१० साली सरकारकडं अर्ज केला, आमच्या लोकांना पुन्हा फौजेत घ्या. आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्वतः त्या स्तंभापाशी गेले. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच सालच्या मार्चमधला. आधी दगड वाचला, मग पाण्याला हात लावला. हा क्रम ध्यानात ठेवा. स्वतःची टॅली हातात आल्याशिवाय माणूस तळ्याच्या पायऱ्या उतरत नाही.

आता एक कडू बोलतो. टाळ्या थांबवा जरा.

आपलीच पोरं स्टेजवरून सांगतात, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले. असं सांगू नका. कंपनीच्या त्या पलटणीत मराठे होते, राजपूत होते, मुसलमान होते. पेशव्याकडं अरब होते, गोसावी होते. अठ्ठावीस हजारच्या अठ्ठावीस हजार गावात घुसले नव्हते, हल्ल्याला आले ते दोनेक हजार. दगडावर नाकवाले बावीस आहेत, तर बावीसच म्हणा. टॅलीत खोटी रेघ मारणारा आणि पान फाडणारा, दोघं एकाच मालकाचे नोकर. तुम्ही एक आकडा वाढवलात की समोरचा तेवढ्यावर बोट ठेवून तुमचे बावीसच्या बावीस खोटे ठरवणार. बावीस कमी आहेत का? ज्यांची सावली चालत नव्हती म्हणून सांगतात, ज्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता असं बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये लिहून ठेवलंय, त्यांच्यातले बावीस त्या पेशवाईच्या समोर दिवसभर उभे राहिले आणि हटले नाहीत. मला एवढं पुरतं. मला अठ्ठावीस हजार नकोत.

दुसरा सवाल कॉलेजातले पांढरपेशे मित्र विचारतात. इंग्रजांची भाडोत्री फौज ती, अभिमान कसला? मी म्हणतो, होती भाडोत्री. मीपण भाडोत्री आहे. जहाज माझं नाही, माल माझा नाही, मी पगारावर वझं उचलतो. पण मग सगळ्यांनाच हा सवाल विचारा. तेव्हा पोटासाठी तलवार कोण धरत नव्हतं? पेशव्यानं अरब शिपाई काय देशभक्तीवर ठेवले होते? बावीस जण कंपनीसाठी लढले हे खरं. पण माझ्या आज्यानं त्या दगडात कंपनी बघितली नाही. त्यानं बघितलं की आपल्या बापजाद्यांना पाठ दाखवता येत नव्हती. दगड कंपनीचा, अर्थ आमचा. अर्थ कुणी दान दिला नाही, आम्ही शंभर वर्षं पायी जाऊन कमावलाय.

आणि म्हणून २०१७ चा हा सिनेमा मला मोलाचा वाटतो. नंतर काय झालं तुम्हाला ठाऊक आहे. १ जानेवारी २०१८, दोनशे वर्षं पूर्ण. लाखो लोक आले आणि दगडफेक झाली, जाळपोळ झाली, एक तरुण पोरगा जीवानिशी गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद. पुढं चौकशी आयोग बसला. आदल्या दिवशीच्या शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेवरून लेखक, वकील, प्राध्यापक तुरुंगात गेले, म्हातारा स्टॅन स्वामी २०२१ साली कोठडीतच गेला. त्या दिवसापासून भीमा कोरेगाव म्हटलं की टीव्हीवाल्याच्या डोक्यात एकच चित्र, जळती गाडी. आता नव्या पोराला कसं सांगायचं की त्याच्याआधी तिथं काय होतं? मी पोरगा असताना आईबरोबर गेलोय. ठेचा-भाकरीचं फडकं, पुस्तकांची दुकानं, गाण्यांच्या पार्ट्या, झोपी गेलेली लेकरं खांद्यावर. ती सगळी शांत, कष्टकरी जत्रा. जळत्या गाडीच्या आधी एका माणसानं तिथं कॅमेरा नेला होता, म्हणून आज पुरावा आहे. आमच्या चार पानांसारखा. कुणी काय बघितलं, कुठं उभं राहून.

पुढं त्यानं 'चैत्यभूमी' केला. ६ डिसेंबरला दादरला जो जनसागर येतो त्याच्यावर. तमिळ दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम संस्थेनं तो लोकांसमोर आणला. वर्षानुवर्षं ६ डिसेंबरला पेपरात काय छापून येतं? वाहतुकीत बदल, अमुक रस्ता बंद. माणूस बाबासाहेबांपाशी पोचायला दोन रात्री रेल्वेच्या दारात बसून आलाय, ती बातमी नाही. दादरकराची बस चुकली, ती बातमी! ह्या पठ्ठ्यानं कॅमेरा फिरवला. आणि कासेगावच्या गेल ऑम्वेट आणि भारत पाटणकर यांच्या संसाराचं, चळवळीचं चित्रण तो कित्येक वर्षं करत आलाय. गेलबाई १९४१ साली अमेरिकेत जन्मल्या, फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला इकडं आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या होऊन राहिल्या. २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावातच गेल्या. अशा बाईची टॅली कोण ठेवणार होतं?

आपल्यावर सिनेमे दुसऱ्यांनीही केले. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'ला १४ वर्षं दिली. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबार झाला, दहा माणसं मेली, आणि ते बघून शाहीर विलास घोगऱ्यांनी गळफास घेतला. तिथून तो सिनेमा सुरू होतो. प्रामाणिक टॅली कुणीही ठेवो, आपण सलाम करू. पण जन्मभर दुसऱ्याच्या वहीवर जगायचं का? परक्यानं कितीही मायेनं मोजलं तरी तो आपल्याला मोजतो. आपण आपल्याला मोजू लागलो की काय मोजायचं हेच बदलतं. तो जखमा मोजतो. आपण चाललेली पावलंही मोजू.

कॅमेरा नवीन आहे, काम जुनं आहे. आपल्याकडं आधी जलसा होता. सत्यशोधकांचा जलसा, मग आंबेडकरी जलसा. डफ-ढोलकी घेऊन पोरं गावोगाव गेली आणि वाचता न येणाऱ्या माणसांना त्यांची गोष्ट सांगून आली. मायबापांनी ती ऐकली म्हणून आपण शाळेत गेलो.

आता मघाची गोष्ट. सिनेमा चालू असताना मागच्या एक आजी म्हणाल्या, मी ऐकलं, "आमी तर कवाधरनं जातोय कोरेगावला. आमाला कुनी इचारलं नाय." आजी, खरं आहे. आम्ही पोरांनी विचारलं नाही. स्तंभावर बावीस नावं आहेत, त्यात बाई एक नाही. पण दर सालाला भाकरी बांधून, लेकरं घेऊन तिथं कोण गेलं? आठवण चुलीपाशी कुणी जिवंत ठेवली? हा सवाल आपल्यात आधी दोघीजणींनी विचारला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. चळवळीतल्या बायकांना गाठून, बोलतं करून १९८९ साली त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. त्यातलं 'ही' अक्षर बघा. त्या एका अक्षरात आपल्या पुरुषांना चपराक आहे. खाऊन घ्या, चांगली आहे.

आणि मंचरमधल्या पोरांनो, तुमच्या तालुक्याचं काय? तालुक्याचं नाव आंबेगाव. आंबेगाव कुठं आहे? डिंभ्याच्या पाण्याखाली. कचेरी घोडेगावला आणि गाव बुडालेलं! धरणाच्या जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनूचं. ह्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला आणि मेला. माझ्यासारखाच इकडून मुंबईला पोट भरायला गेलेला. त्याचं नाव पाण्याला मिळालं, बरं झालं. पण त्या पाण्याखाली गेलेली घरं, वाड्या, आपल्या वस्त्या, आदिवासींच्या वस्त्या, त्यांची नावं सांगणारी म्हातारी माणसं अजून जिवंत आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील. पाणी उतरेल तेव्हा उतरेल. माणसं थांबणार नाहीत.

तुमच्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. सोमनाथसारखं सिनेमा करणं सगळ्यांना जमणार नाही. पण टॅली जमेल. उद्या घरी जा आणि आज्जीसमोर बसा. आधी विचारा, आज्जी, बोलणार का? नाही म्हणाली तर उठा. हो म्हणाली तर तिला बोलू द्या. तिची भाषा सुधारायची नाही. ती रडली तर तेवढाच तुकडा कापून गावभर फिरवायचा नाही. दिवस, गाव, बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं. तिला आकडा आठवत नसेल तर आपल्या मनाचा घालायचा नाही. आणि एक प्रत तिच्याच घरात ठेवायची. कुणी पान फाडलं तर दुसरं पाहिजे.

पुढच्या १ जानेवारीला मी गोदीत पाळीवर असेन, सुट्टी मिळणार नाही. आमच्यातला तो चौथा, अंगठा देणारा, आता सही शिकलाय. तो म्हणतो, निकाल लागला की त्या कागदावर पुन्हा सही करायची आहे मला, नावानिशी. त्याच्या आणि मेलेल्या दोस्ताच्या वतीनं मी आज इथं उभा आहे.

त्या आजी मागं बसल्यात. सभा संपली की घरी पळू नका. त्यांच्यापाशी जा आणि विचारा, पहिल्यांदा कोरेगावला कधी गेला होता?

जय भीम!